ज्याची कुणी वाट पाहत नाही

आमच्या सातारा-सांगलीकडं मनातली गोष्ट पुढं ढकलायची झाली की माणूस शिवाराकडं बोट दाखवतो. एकदा ऊस कारखान्याला जाऊ दे, मग बघू. द्राक्षाची छाटणी उरकू दे. हळद शिजून, वाळून मार्केट यार्डात पडली की मोकळाच आहे. चैत्रातली यात्रा पार पडू दे. शहरातला माणूस हेच ‘मार्चएंड झाला की’ किंवा ‘पोरीची बारावी झाली की’ अशा शब्दांत सांगतो. यातलं काही खोटं नसतं. ऊस खरोखरच फडात उभा असतो, छाटणीला मजूर खरोखरच मिळत नसतात. पण ऊस जातो, खोडवा फुटतो, पुन्हा तोडणीचे दिवस येतात, आणि मनातली ती गोष्ट आहे तिथंच असते. रोज सकाळी चालायला जायचं असतं, पेटी शिकायची असते, आजीच्या तोंडच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायच्या असतात, निदान एकदा रक्तातली साखर तरी तपासायची असते. वर्षं जातात.

अशा माणसाला आळशी म्हटलं की आपलं काम संपतं. मला ते मान्य नाही. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला रानात जाणारा आणि सकाळी पुन्हा डेअरीला दूध घालणारा माणूस आळशी कसा असेल? पहाटे उठून धारा, भाकरी, पोरांचे डबे उरकून भांगलायला जाणारी बाई आळशी कशी असेल? तिला चार वर्षांपासून जवळचं नीट दिसत नाही, सुईत दोरा ओवायला ती नातवंडाला हाक मारते, आणि चष्म्याचं काम मात्र राहिलेलंच आहे. ती दिवसभर इतकी राबते की तिच्या राहिलेल्या कामाचं कारण आळस हे असूच शकत नाही.

मग कोणती कामं राहतात? जरा नीट पाहिलं की दिसतं. म्हशीची धार राहत नाही, म्हैस हंबरते. सोसायटीचा हप्ता राहत नाही, निरोपावर निरोप येतात. ऊसतोडीची टोळी फडात उतरली की तिची सोय त्याच दिवशी होते. पाहुण्यांचा आहेर राहत नाही, भावकीतली मयत राहत नाही, पोरांची फी राहत नाही. राहतं ते काम, ज्याची कुणी वाट पाहत नाही. आपण चालायला गेलो नाही म्हणून दारात कुणी येऊन उभं राहत नाही. ओव्या लिहिल्या नाहीत म्हणून कुणी निरोप धाडत नाही. आपल्या स्वतःच्या इच्छेला हंबरता येत नाही, एवढंच तिचं दुर्दैव. आणि दुसऱ्यांसाठी धावण्याची ज्यांना जास्त सवय, त्यांच्याच इच्छा सगळ्यात जास्त मागं पडतात.

हे मान्य केलं तर ‘मनाचा निग्रह वाढवा’ या उपदेशाचा उपयोग फारसा उरत नाही. निग्रह या माणसांकडं भरपूर आहे. कमी आहे ती मागणी. आपल्या कामाची कुणीतरी वाट पाहील अशी व्यवस्था आधी करावी लागते, आणि ती कशी होते याचे दाखले आपल्याच कृष्णाकाठी आहेत.

सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी ते पाहिले आणि तसं काहीतरी मराठीत, पण अधिक नीटनेटकं करून दाखवायला पदरच्या या तरुणाला सांगितलं. भावे बाहुल्या करण्यात तरबेज, कवित्व हाताशी असलेले. पण मराठीत तसं नाटक पुढ्यात कुठं होतं? ना नटांची मंडळी, ना नाट्यगृह, ना नमुन्याला एखादी संहिता. ‘आधी सगळं जमू दे’ म्हणायला याहून सबळ कारण कुणाकडं असेल? तरी वर्षभरात प्रयोग उभा राहिला.

तो कसा उभा राहिला हे पाहण्यासारखं आहे. त्या नाटकाला आज आपण म्हणतो तसे लिहिलेले संवाद नव्हते. पदं रचलेली होती, ती सूत्रधार गायचा, आणि पात्रं त्या पदांच्या आधारानं आपापलं भाषण जागच्या जागी करायची. रामायणाची कथा नटांना पाठ, प्रेक्षकांनाही पाठ. म्हणजे भाव्यांनी जे जमत होतं ते पक्कं केलं आणि जे जमत नव्हतं ते नटांच्या तोंडावर सोपवून पडदा वर घेतला. संवाद लिहून होईपर्यंत ते थांबले असते, तर मराठी रंगभूमीचा दिवस म्हणून आपण दुसरीच एखादी तारीख पाळत असतो. या अर्धवट तयारीमागचं बळ मला त्यांच्या प्रतिभेइतकंच अप्पासाहेबांच्या मागणीत दिसतं. कुणीतरी सांगितलं होतं, कुणीतरी पाहणार होतं.

सगळ्यांना राजे भेटत नाहीत हे खरं. भाऊराव पाटलांना शिक्षणसंस्था काढ म्हणून कुणी फर्मावलं नव्हतं. मॅट्रिकपर्यंतही न पोचलेला हा माणूस किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत असे, आणि त्या फिरतीत त्यांनी शाळेविना राहिलेली पोरं पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. त्या वसतिगृहाची हकिगत सांगताना आपण भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या त्यागापाशी थांबतो, आणि थांबायलाच हवं. मुलांच्या जेवणासाठी त्या माउलीनं अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही राहिलं नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भाऊरावांनी आधी निधी, मग इमारत, मग मुलं असा क्रम लावला नाही. मुलं आधी घरात आणली. एकदा पंगतीला पोरं बसली की संध्याकाळच्या धान्याची सोय ‘पुढच्या महिन्यापासून’ करता येत नाही. आज सातशेहून अधिक शाखा असलेली संस्था त्या रोजच्या भुकेच्या तगाद्यातून वाढली आहे.

किर्लोस्करवाडीचंही थोडंफार तसंच. बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन दिली आणि बिनव्याजी पैसेही दिले. साल १९१०. जमीन म्हणजे निवडुंगानं भरलेला, सापांचा माळ. बरोबर आलेली कामगारांची कुटुंबं उघड्यावर असताना ‘पावसाळा झाला की बांधू’ असं कोण म्हणणार?

पण मला जास्त बोलायचं आहे ते त्या जमीन देणाऱ्या माणसाबद्दल. भवानराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे. टेकडीवर यमाई, त्याच वाटेवर बाळासाहेबांनी उभारलेलं चित्रसंग्रहालय. १९०९ च्या अखेरीस ते गादीवर आले आणि पुढच्या काही महिन्यांतच त्यांनी किर्लोस्करांना जागा दिली. हे झालं राज्यकारभाराचं. त्यांच्या खाजगी आयुष्यातली जी गोष्ट आपल्यासारख्यांना उपयोगाची आहे, ती सूर्यनमस्कारांची. तरुणपणी ते सँडो या जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीनं व्यायाम करत. चाळिशीच्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडं वळले, आणि मग ते नमस्कार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवले.

राजाला ‘आज नमस्कार घातले का’ असं विचारणार कोण? संस्थानात त्याच्यावर माणूस नाही. चाळिशीतला, पंगतीत बसणारा, चारी बाजूंनी मान असलेला माणूस व्यायाम सोडून देतो तेव्हा त्याला कुणी हटकत नाही. बाळासाहेबांनी काय केलं? घरच्यांना नमस्कार घालायला लावले. संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. गावोगाव त्याबद्दल बोलले, लिहिलं, आणि १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं. हा प्रचार होता यात शंका नाही. पण मला वाटतं, यातून त्यांनी स्वतःलाही बांधून घेतलं. ज्या राजानं शाळेतल्या पोरांना रोज सकाळी नमस्कार घालायला लावले, त्याला स्वतः अंथरुणात लोळणं अवघड जातं. ज्याला विचारणारं कुणी नव्हतं, त्यानं हजारो डोळे स्वतःवर लावून घेतले.

आपल्याला हजारो डोळ्यांची गरज नाही. एक जोडी पुरते.

माझ्या ओळखीतल्या एक बाई मिरजेत राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्यांनी हौसेनं तानपुरा घेतला. मिरजेत तो कुठं घ्यायचा हे सांगायला नको. तंतुवाद्यं करणारी घराणी तिथं पिढ्यान् पिढ्या त्याच गल्लीत बसलेली आहेत. भोपळा निवडून वाळवण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचं सगळं काम हातानं होतं. बाईंचा तानपुरा घरी आला, त्याला मखमली गवसणी शिवली, आणि तो बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात उभा राहिला. तो तसाच उभा राहिला, पाहुणे आले की ‘वाजवता का हो?’ विचारत, आणि बाई ‘आता सुरू करायचंय’ म्हणत. सुनेचं बाळंतपण झालं, नातवाचे पहिले महिने झाले, घराला रंग झाला. रंगकामाच्या वेळी तानपुरा हलवून परत जागेवर ठेवला, तेवढाच काय तो हाताला लागला.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, तेव्हा त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, “वेळ नाही असं काही नाही हो. गळा उघडला की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येणार. पस्तीस वर्षं वर्गात ओरडून काय झालंय गळ्याचं, ते मला ऐकायचं नाही.”

टाळाटाळीच्या मुळाशी बहुतेक वेळा हे असं असतं. टिमथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं या विषयावर काम केलं आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की काम पुढं ढकलणारा माणूस वेळेच्या हिशोबात चुकत नसतो. त्या कामाशी जोडलेली नकोशी भावना तो टाळत असतो. बाईंचं बोलणं ऐकल्यावर मला ते म्हणणं पटायला दुसरा पुरावा लागला नाही. साखर तपासायला न जाणारा माणूस लॅबचा रस्ता टाळत नाही, कागदावरचा आकडा टाळतो. जमिनीच्या वाटणीचं बोलायला भाऊ बसत नाहीत, कारण त्या बोलण्यात आईचं नाव निघणार असतं.

बाईंना मार्ग दाखवला त्यांच्या गुरुजींनी. त्यांनी गाणं शिकवायला नकारच दिला. म्हणाले, महिनाभर गायचं नाही. रोज सकाळी चहा झाला की गवसणी काढायची, तानपुरा जुळवायचा आणि मला फोन लावून ऐकवायचा, बस्स. ज्यानं तानपुरा जुळवलाय त्याला माहीत आहे, हे ‘बस्स’ म्हणण्याइतकं सोपं काम नाही. खुंटी पिळावी तर तार चढते, सोडली की उतरते. मणी खालीवर करत एकेक तार सुरात आणायची. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो, तो केसभर सरकला की झंकार खुलतो, आणखी केसभर सरकला की बसतो. सुरुवातीला बाईंची त्यात सगळी सकाळ जायची. गुरुजी फोनवर ऐकायचे आणि ‘पंचम उतरलाय’ एवढंच सांगायचे. गळा कुणी मागितलाच नव्हता, म्हणून गळ्याची भीतीही नव्हती. एका सकाळी जुळलेल्या तारांवर त्यांनी आपसूक षड्ज लावला.

या उपायात दोन गोष्टी एकत्र आल्या. एक म्हणजे फोनच्या पलीकडं वाट पाहणारा माणूस. दुसरी म्हणजे ‘चहा झाला की’. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की ‘मी हे करणार’ एवढा निश्चय फार दूर जात नाही. ‘अमुक झालं की लगेच तमुक’ अशी गाठ मारून ठेवली की काम होण्याची शक्यता बरीच वाढते. आपल्या घरांत ही गाठ फार जुनी आहे. सडा-रांगोळी झाली की तुळशीला पाणी, दिवेलागण झाली की शुभंकरोति. तिथं रोज नव्यानं ठरवावं लागत नाही, एकाच्या मागं दुसरं येतं.

आपल्याकडची दुसरी एक सवय मात्र इथं घात करते. आपण नव्या संकल्पाला व्रताचं रूप देतो. पाडव्याला धरायचं, नेमानं करायचं, खंड पडू द्यायचा नाही. आणि खंड पडतोच. पाव्हणे येतात, ताप येतो, दोन दिवस गावाला जावं लागतं. व्रत मोडलं की आपल्या मनात ते संपतं. मग पुढचा मुहूर्त दसऱ्याचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट आपसूक व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यात आढळलं. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं काही बिघडत नव्हतं. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सांगतात, त्यांच्यामुळं बाविसाव्या दिवशी किती जणांनी स्वतःला नालायक ठरवलं असेल, या विचारानं मला वाईट वाटतं. उपास मोडला तर देवी कोपेल की नाही ते मला सांगता येणार नाही, पण चालायला एक दिवस चुकला म्हणून पाय कोपत नाहीत.

आता यावर कुणी शेतकरी म्हणेल, आणि त्याचं म्हणणं रास्त असेल, की दरवेळी उडी घेणं शहाणपणाचं नसतं. थांबणंही कळायला लागतं. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून कुणी लगेच पेरत नाही. रान चिखल असतं. वाफसा येईपर्यंत थांबावं लागतं. मूठभर माती घेऊन दाबायची, तिचा गोळा होतो. बोटानं टोचल्यावर तो सहज फुटला तर वाफसा आला, लगदा राहिला तर नाही. पण त्या थांबलेल्या माणसाच्या घरात डोकावून पाहा. बियाणं येऊन पडलेलं असतं. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवलेले असतात, किती उगवतात ते मोजायला. पेरणी यंत्राचे फण तपासलेले असतात, ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलेलं असतं. आणि रोज सकाळी तो बांधावर जाऊन माती हातात घेतो. वाफसा आल्यावर तो दोन-चार दिवसच टिकतो, ही घात चुकली तर हंगाम मागं पडतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कुणी मला म्हणालं की मी योग्य वेळेची वाट पाहतोय, तर मला त्याच्या घरातलं ते गोणपाट पाहावंसं वाटतं. पुस्तक लिहायचंय तर टिपणांची वही कुठं आहे? व्यायाम सुरू करायचाय तर बूट आणलेत का, सोबतीला कुणाला विचारलंय? असं काही असेल तर ते थांबणं आहे, आणि त्याला घाई करू नये. नसेल तर ज्याची कुणी वाट पाहत नाही अशा कामांच्या यादीत ते जाऊन बसलेलं आहे, आणि तिथून ते आपोआप बाहेर येणार नाही.

साताऱ्यात पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळायला, चालायला जाणारी माणसं दिसतात. पुष्कळ जण दोघं-तिघं मिळून असतात. त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं होतं की पायथ्याशी जोडीदार उभा असेल, एवढ्याच एका विचारानं थंडीत पांघरूण बाजूला होतं. पळण्याच्या फायद्यांची आठवण त्या वेळी अजिबात होत नाही. जोडीदार निवडण्याबद्दलही तो चांगलं बोलला: जो रागावतो त्याला घेऊ नये, कारण एक दिवस चुकला की त्याला तोंड दाखवायला नको वाटतं आणि दुसरा दिवसही जातो. जो फक्त विचारतो, त्याला घ्यावा.

असा विचारणारा कायमचा मिळत नाही, हीही अडचण आहेच. गुरुजी थकतात, जोडीदाराची बदली होते. भाव्यांवरही ती वेळ आली. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले आणि ‘करून दाखव’ म्हणणारा माणूस उरला नाही, राजाश्रयही गेला. तोवर आठ वर्षं प्रयोग होत होते, मंडळी हाताखाली तयार झाली होती. भाव्यांनी ती मंडळी घेतली, गावोगाव खेळ करत फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून नाटक केलं. सांगलीच्या वाड्यात एक माणूस ज्याची वाट पाहत होता, त्यासाठी तिथं परक्या शहरातली माणसं पैसे मोजून, रांगेनं बसली होती.